येते म्हणून

बर्गनच्या विमानतळावरून सकाळी साडेआठला मी बाबांना फोन केला. नागपुरात दुपारचा एक वाजला होता.

"पोझिशन?" बाबांनी विचारलं. फोनवर ते कधी 'हॅलो' म्हणत नसत.

"बर्गन, नॉर्वे. आता ऑस्लो, मग इस्तंबूल, अल्माटी, बँकॉक. आणि परवा सकाळी तुमच्या डोक्यावर."

"डोक्यावर किती वाजता?"

"दहा पस्तीस. गच्चीवर या."

"उंची?"

"छत्तीस हजार फूट."

"पश्चिमेला जाणाऱ्याला सम आकडा. बरोबर आहे." त्यांना बरं वाटल्याचं आवाजातून कळत होतं. "वारा कुठला आहे, बघून ठेव."

बोर्डिंग सुरू झालं होतं. मी म्हटलं, "बरं बाबा, येते."

"ये," ते म्हणाले.

आमच्या घरात 'जाते' म्हणायला बंदी होती. तशी ती बहुतेक मराठी घरांत असते, पण आई त्याबाबत फार कडक होती. शाळेला निघताना कधी 'जाते' तोंडून निसटलं तर ती मला परत उंबऱ्याच्या आत बोलवायची आणि पुन्हा निघायला लावायची. बाबा हसायचे. ते नागपूरच्या हवाई नियंत्रण केंद्रात होते. देशाच्या मध्यावरून जाणारी विमानं पस्तीस वर्षं त्यांच्या पडद्यावरून सरकली. "जाणारा येतो म्हणायला लागला, तर माझ्याकडे रोज दोन विमानं आपटतील," असं ते आईला म्हणत. ती म्हणे, "तुमच्या केंद्रात हवं ते म्हणा. हे घर आहे."

बाबांचे स्वतःचे दोन शब्द मात्र घरात आले होते. पहिला 'होल्ड'. उतरायला धावपट्टी मोकळी नसली की विमानाला वरच थांबवतात, आणि ते लांबट वर्तुळात फिरत राहतं. मी बाथरूमबाहेर वाट पाहत असले की बाबा म्हणत, ऋजू होल्डमध्ये आहे. दुसरा शब्द 'नमस्कार'. विमान आपली हद्द ओलांडताना त्याला पुढच्या केंद्राची फ्रिक्वेन्सी द्यायची आणि शेवटी नमस्कार म्हणायचं. इथून पुढे ते आपल्या जबाबदारीत नाही. आईशी वाद संपवायचा असला की ते हात वर करून नमस्कार म्हणत, आणि ती जास्तच चिडे.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर दोनेक वर्षांत बाबांची स्मृती उतरणीला लागली. जुनं सगळं शाबूत होतं. सकाळचं मात्र दुपारपर्यंत टिकत नव्हतं.

स्मृती म्हटलं की आपल्याला भूतकाळ सुचतो. पण मेंदू आणखी एक स्मृती सांभाळतो, पुढे करायच्या गोष्टींची. चारला औषध घ्यायचं आहे, गॅस बंद करायचा आहे, संध्याकाळी कोणी येणार आहे. या भावी स्मृतीच्या आधारानं माणूस दिवसाचं एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. बाबांच्या आजारात ती लवकर जाते. मग माणूस खोलीच्या मध्यावर उभा राहतो आणि आपण कशाला उठलो होतो ते त्याला कळत नाही.

'आठव' हे यंत्र त्यासाठी निघालं. कानामागे लावायची शेंगदाण्याएवढी कुडी, आणि घरात एक डबी. ते दिवसभराचं बोलणं ऐकतं, त्यातून इरादे वेचतं, म्हणजे कोण, काय, केव्हा करणार आहे ते. आणि योग्य वेळी कवटीच्या हाडातून कानात सांगतं. आवाज जवळच्या माणसाचा असला की रुग्ण ऐकतो, असं चाचण्यांत दिसलं होतं. म्हणून मी माझा आवाज दिला. तीन तास वेगवेगळी वाक्यं वाचली. माझी तिकिटं पाहायची परवानगीही दिली, म्हणजे मी कुठे आहे हे बाबांना विचारता येईल.

यंत्र अजून नवं होतं आणि मराठीसाठी कंपनीला तपासनीस हवे होते. मी संक्षारणाची अभ्यासक, धातू कसे कुरतडले जातात हे पाहणारी. भाषेशी माझा संबंध नाही. पण बाबांना यंत्र सहा महिने आधी मिळणार होतं, म्हणून हो म्हटलं. सहाशे वाक्यं होती. प्रत्येकासमोर यंत्राला समजलेला अर्थ. बरोबर असेल तर खूण करायची.

दोन वर्षांत बाबा सुधारले. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. दाढी रोज, इस्त्रीचा शर्ट, अंगणातून फाटकापर्यंत दहा-बारा फेऱ्या. घरी प्रणिता मेश्राम होती, दिवसरात्र त्यांच्यासोबत. मी निर्धास्त झाले आणि जास्त उडायला लागले.

उडणं कामासाठी होतं, पण सगळंच नाही. मला पहिल्या उड्डाणांचा नाद होता. नव्या मार्गावरचं किंवा नव्या जातीच्या विमानाचं पहिलं उड्डाण असलं की मी कुठूनही तिथे पोहोचायची. अशी एकतीस उड्डाणं झाली होती. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाशी नेलं होतं. एक नवं विमान पहिल्यांदा उतरत होतं, आणि अग्निशमनाच्या दोन गाड्या त्याच्यावर पाण्याची कमान धरत होत्या. बाबा स्वतः आयुष्यात चारदा विमानात बसले असतील. त्यांच्यासाठी विमान हा एक ठिपका आणि आकडा होता. तो ठिपका आतून कसा दिसतो ते मी त्यांना फोनवर सांगायची.

हे बत्तिसावं सगळ्यात मोठं होतं. द्रव हायड्रोजनवर चालणारं पहिलं प्रवासी विमान, बँकॉक ते व्हिएन्ना. सर्वाधिक पहिली उड्डाणं केलेल्या चाळीस जणांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. मी बर्गनला एका परिषदेत होते, बँकॉकच्या सरळ मार्गावर जागा नव्हती, म्हणून हा वळणावळणाचा प्रवास. आणि नकाशावर नवा मार्ग पाहिला तेव्हा तो आमच्या लक्ष्मीनगरच्या घरावरून जात होता.

ऑस्लोहून फोन केला. "पोझिशन?" सांगितली. "येते, बाबा." "ये." इस्तंबूलहूनही तसंच. तिथे बाबा थोडे थकलेले वाटले. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा बाहेर बसलो होतो.

अल्माटीला पोहोचले तेव्हा खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर होते. फोन प्रणितानं उचलला. बाबा अंघोळीला गेले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली,

"ताई, राग नका मानू. पण एक विचारू का? तुम्ही येतो म्हणता न् येत नाही, असं काहून करता?"

मला कळेना. मी कधी म्हटलं?

"काल दुपारी दोनला येणार होत्या. मग रात्री आठला. मग आज पहाटे. साहेब फाटकापाशी खुर्ची टाकून बसून राहिले. तिसऱ्यांदा गोळाभात झाला ताई, तुम्हाले आवडते म्हणून. मी न् साहेब कालपासून तेच खाऊन राहिलो."

मी विचारलं, त्यांना कोणी सांगितलं मी येणार म्हणून?

"तुम्हीच न. कानात."

नागपूरच्या घड्याळानं दोन वाजता मी ऑस्लोला उतरले होते. आठला इस्तंबूलला. हिशोब करायला लागला नाही. वेळा तिकिटांवरच्याच होत्या.

हे कधीपासून चाललं आहे, असं विचारलं. ती म्हणाली, ती कामाला लागली तेव्हापासून. तिला वाटलं, ताईंचं काम असेल, ऐनवेळी रद्द होत असेल. साहेबांनीच तिला सांगून ठेवलं होतं, ऋजूला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल. मग ते हसून तिला समजावत, टेबलावर बोटानं लांबट गोल काढत.

"काय म्हणतात समजावताना?" मी विचारलं.

"म्हणतात, होल्डमध्ये आहे ती. जागा मोकळी झाली की उतरेल."

मी बाकावर बसून फोनवर आठवची नोंदवही उघडली. 'येते' हा इरादा दोन वर्षांत एकशे नव्वद वेळा नोंदला गेला होता. पूर्ण झाल्याची नोंद अकरा. मी नागपूरला अकरा वेळा गेले होते. यंत्रानं कुठेही चूक केली नव्हती. मुलगी म्हणते येते. मुलगी विमानात बसली. विमान पोहोचण्याची वेळ ही. मग वडिलांना, मुलीच्याच आवाजात, वेळेआधी तासभर: बाबा, मी येतेय.

शब्दाचा अर्थ कुठून आला तेही तिथेच होतं. वाक्य क्रमांक दोनशे चौदा. 'बरं, येते हं.' समजलेला अर्थ: बोलणारी व्यक्ती लवकरच पोहोचणार आहे. तपासनीस: ऋजुता पांढरीपांडे. बरोबर. खाली दिनांक आणि वेळ. तो दिवस मला आठवला. कुठल्याशा विमानतळावर बसून मी भराभर खुणा करत होते. विमान निघायला वीस मिनिटं होती. पाचच मिनिटांपूर्वी बाबांना फोनवर म्हणून झालं होतं, येते.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. वाक्यावर बोट ठेवलं की तीन पर्याय येत: येणार, जाणार, ठरलेलं नाही. माझं बोट 'जाणार'वर गेलं आणि थांबलं. इस्त्रीचा शर्ट. फाटकापर्यंतच्या फेऱ्या. डॉक्टर ज्याला औषधाचा गुण म्हणत होते, ते हे होतं. दोन वर्षं रोज काहीतरी पुढे होतं, कोणीतरी येणार होतं. मी खूण केली असती तर त्याच आवाजात, त्याच कानात यंत्र म्हणालं असतं, बाबा, मी जातेय. एकशे नव्वद वेळा.

मी पान बंद केलं. घरी गेल्यावर नीट विचार करू, असं स्वतःला सांगितलं.

बँकॉकला पोहोचले तेव्हा संध्याकाळ होती. पाट्यांवर कोलकात्याचं एक विमान दिसलं. त्यानं गेले असते तर पहाटेचं दुसरं पकडून सकाळी नऊला नागपूर. दहा पस्तीसला आम्ही दोघं गच्चीवर असतो. ते विमान मी बाबांच्या शेजारी उभी राहून पाहिलं असतं. मी पाटीखाली बराच वेळ उभी होते. तिथेच अष्टपुत्रे भेटले. ठाण्याचे निवृत्त भूमापन अधिकारी, चव्वेचाळीस पहिली उड्डाणं, आमच्या चाळिसातले एकमेव दुसरे मराठी. "काय हो, कोलकात्याकडे काय बघताय? पळून जायचा विचार आहे का?" म्हणाले. "उद्या पाण्याची कमान आहे, फोटो आहे. चला, जेवू." मी त्यांच्याबरोबर गेले. कोणी ओढून नेलं नाही.

सकाळी विमानतळाच्या बोर्डिंग गेटवरून फोन केला. नागपुरात सव्वासहा वाजले होते. साहेबांची दाढी झाली, असं सांगून प्रणितानं फोन बाबांना दिला.

"पोझिशन?"

"बँकॉक. बाबा, नीट ऐका. मी आज घरी येत नाहीये. फक्त वरून जाणार आहे."

"ठाऊक आहे. छत्तीस हजार." मग, "उतरणार केव्हा?"

"व्हिएन्नाला. संध्याकाळी."

"ते झालं. इथे केव्हा?"

मागे रांग पुढे सरकत होती. अष्टपुत्रे हात करत होते. निदान एकदा खरं बोलावं असं मला वाटलं. मी म्हटलं, "बाबा, मी जाते."

फोन तुटला की काय म्हणून मी पडदा पाहिला.

"असं म्हणू नये, ऋजू," बाबा अगदी हळू म्हणाले. "आई ऐकेल."

"येते, बाबा."

"ये."

मी आत गेले.

विमान आतून इतर विमानांसारखंच होतं. मागच्या तिसऱ्या भागात खिडक्या नव्हत्या, तिथे टाक्या होत्या. उणे दोनशे त्रेपन्न अंशांचं इंधन. पाण्याची कमान झाली, फोटो झाले. वर गेल्यावर वैमानिकानं सांगितलं की या विमानातून धूर निघत नाही. हायड्रोजन जळतो तेव्हा फक्त पाणी तयार होतं. पण ते साध्या इंधनाच्या अडीचपट असतं. म्हणून ज्या हवेत एरवीच्या विमानामागे काही उमटत नाही, तिथेही याच्यामागे बर्फकणांची पांढरी पट्टी उमटते. कमी पण मोठे कण, स्वच्छ रेघ. जमिनीवरून आपण आज चांगले दिसू, तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दहा वाजून तेहेतीस मिनिटांनी अष्टपुत्रे म्हणाले, "अहो, तुमचं नागपूर."

जानेवारीचं आकाश निरभ्र होतं. अंबाझरीचा तलाव अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. त्याच्या पूर्वेला लक्ष्मीनगर असणार, एक करडा डाग. पाच महिन्यांत मी बाबांच्या इतकी जवळ आले नव्हते. अकरा किलोमीटर. आडवं असतं तर रिक्षानं अर्धा तास. मी तळवा काचेवर ठेवला. तलाव पंखाखाली गेला, मग मागे गेला. विमान जराही कललं नाही. कलायचं कारणच नव्हतं.

व्हिएन्नाला उतरल्यावर प्रणिताला फोन केला. तिनं आपणहून सगळं सांगितलं.

साहेब दहालाच गच्चीवर गेले. शर्ट, बूट, चष्म्याची काच पुसलेली. कानातलं गच्चीची आठवण देतच होतं. गोळाभात झाला होता. मग आग्नेयेकडून रेघ दिसायला लागली.

"खडूनं काढल्यासारखी, ताई. साहेब बोटानं दाखवत होते, आता इथून वळेल, मग तिकडून वळेल, असा लांब गोल काढून राहिले होते हवेत. मी पण पाहून राहिली. डोक्यावर आली. गेली. वळलीच नाही. साहेब पाहतच राहिले, तिकडे काटोलकडे पार दिसेनाशी होईपर्यंत. मग म्हणाले, होल्ड नाही. सरळ गेली."

"मग?"

"मग हात वर केला न् नमस्कार म्हणाले. मले वाटलं देवाले केला, म्हणून म्यां पण केला. मग खाली आले. कानातलं काढून डबीत ठेवून दिलं. मी म्हटलं, काहून काढलं साहेब? म्हणाले, बॅटरी संपली. संपली नव्हती ताई. मी पाहिली न."

माझ्या बाजूला प्रवासी सामानाच्या पट्ट्याकडे जात होते. अष्टपुत्रे कोणाकडून तरी फोटो काढून घेत होते.

मी परत आले, तीन विमानं बदलून. फाटकाशी खुर्ची नव्हती. बाबा आत पेपर वाचत होते. त्यांनी मला ओळखलं. ओळखत नाहीत असं कधीच झालेलं नाही. "आलीस?" म्हणाले. "विमान कसं होतं?" मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, टाक्यांबद्दल एक प्रश्नही विचारला. पाहुण्याला विचारावा तसा.

कुडी त्यांनी पुन्हा लावली नाही. फेऱ्या हळूहळू बंद झाल्या, आणि दाढी प्रणिता सांगेल तेव्हा. मी वाक्य क्रमांक दोनशे चौदावर 'जाणार' अशी खूण केली. कंपनीनं आभार मानले आणि कळवलं की ही दुरुस्ती आता मराठी बोलणाऱ्या तीन हजार घरांत लागू झाली आहे. त्यांपैकी किती घरांत त्या दिवसापासून फाटकाशी कोणी बसेनासं झालं, ते मी विचारलं नाही.

तेहेतिसावं उड्डाण केलं नाही. नागपुरातच काम मिळवलं. आता आठ महिने झाले.

काल संध्याकाळी बाबांचं औषध संपलं होतं. दुकान कोपऱ्यावरच आहे. मी चपला घातल्या आणि दारातून म्हटलं, "बाबा, येते."

त्यांनी पेपरातून वर पाहिलं. ओठ 'ये' म्हणायला हलले असं मला वाटलं. मग त्यांनी हात वर केला.

"नमस्कार," ते म्हणाले.

मी दहा मिनिटांत परत आले. फाटकाशी कोणी नव्हतं.